मैदानाभोवतीचे तेरा मोर्चे

मी मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा एकाच प्रकारच्या उदाहरणानं माझा घात केला. वर्तुळाकार रस्त्यावर दोन माणसं एकाच जागेवरून, एकाच वेळी, एकाच दिशेनं निघतात. एकाचा वेग इतका, दुसऱ्याचा तितका. तर ती पुन्हा केव्हा भेटतील? आगगाडी आणि पूल मला जमायचं. बोट आणि प्रवाह जमायचं. गोल रस्ता आला की मात्र ती दोन माणसं डोक्यात फिरत राहायची आणि घंटा व्हायची.

यात थोडा दोष आमच्या घरातल्या पंगतीचाही होता. आम्ही परळला भोईवाड्याजवळच्या एका चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साचाखात्यात मागावर होते, आणि आई आठ माणसांची खाणावळ चालवायची. आठही जण आमच्याच गावाकडचे, कोकणातले, बायकापोरं गावाला ठेवून आलेले. ते जेवायला बसले की मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची आणि उदाहरण मोठ्यानं वाचायची, कारण मनातल्या मनात वाचलं तर मला काही कळायचं नाही.

"थांब गो," बाबा एकदा घास हातात धरून म्हणाले. "ते दोघे एकाच जाग्यावरसून निघाले?"

"हो."

"एकाच दिशेक?"

"हो, बाबा."

"मगे ते वांगडाच होते मा! एकत्रच होते. परत भेटाचा काय रवला?"

"एकजण भरभर चालतो ना. तो पुढे निघून जातो."

"कित्याक? तेका खंय जावचा आसा?"

ते पुस्तकात लिहिलं नव्हतं. गोल रस्ता होता, कुठंच जायचं नव्हतं. पंगतीतला एकजण म्हणाला, वाटेत भांडण झालं असणार. दुसरा म्हणाला, मग जमिनीवरून. म्हणजे भाऊ असणार. तिसऱ्याला ते पटेना, भाऊ असते तर निघतानाच एकत्र निघाले नसते, चुलते-पुतणे असतील. ताटं उचलेपर्यंत त्या दोन माणसांना मालवणाकडचं एक गाव मिळालं होतं, आंब्याची सात झाडं मिळाली होती आणि कोर्टात दावा लागला होता. उत्तर तेवढं राहिलं. परीक्षेत तोच प्रकार आला तेव्हा मला खरंच आधी ती आंब्याची झाडं आठवली.

तिसऱ्या खेपेला मी दादरच्या एका सरांकडे जायला लागले. शाळेतून निवृत्त झालेले, धोतर, काळा कोट, बोलणं पुस्तकी. घराच्या व्हरांड्यात फळा टांगून ते आम्हा सहा जणांना शिकवायचे. माझ्याबरोबर माझी मैत्रीण यायची. तिचे वडील आमच्याच गिरणीत फिटर होते. त्यांच्या घरात नुकतीच बुद्धाची तसबीर आली होती, आणि तिची आई सारखी म्हणायची, आता आपल्याकडे नापास ही गोष्टच नाही. मैत्रिणीला गणित माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं यायचं, पण पेपर हातात आला की ती बरोबर उत्तरंही खोडून टाकायची. चार मार्कांनी राहिली होती.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. गोळीबार होऊन गेला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानाच्या फळीला पडलेलं भोक अजून कुणी बुजवलं नव्हतं. आता रविवारी गिरणी बंद असली की सकाळी चाळीचाळींतून प्रभातफेऱ्या निघायच्या. आमच्या चाळींच्या मधोमध एक मैदान होतं, जवळजवळ गोल, आणि त्याच्या भोवतीनं रस्ता. मैदानाच्या काठाला मारुतीचं देऊळ. तिथून दोन फेऱ्या निघायच्या.

एक आमच्या चाळीची. ती म्हणजे मुळात भजनी मंडळ होतं, आणि बाबा त्याचे बुवा. टाळ, मृदंग, मध्येच घोषणा, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे," आणि परत भजन. दुसरी समोरच्या चाळीची. ती घाटावरच्या लोकांची, लेझीम आणि हलगीवाली. तिचे पुढारी म्हणजे तालमीचे वस्ताद, मोठ्या मिशांचे आणि मनानं फार हळवे. दोन्ही फेऱ्यांची मागणी एक, घोषणा एक, झेंडाही एक. पण आधी कोण निघणार यावर एकमत होईना, म्हणून दोन्ही सहाच्या ठोक्याला एकदमच निघायच्या, मारुती उजव्या हाताला ठेवून, एकाच दिशेनं. तासाभरात आमची पाच चकरा मारायची, लेझीमवाल्यांची आठ.

"मुळात दोन फेऱ्या कशाला हव्यात?" माझ्या मैत्रिणीनं एकदा विचारलं होतं. तिच्या चाळीतली माणसं कोपऱ्यावर उभी राहून, जी आधी येईल तिच्या मागून चालायची.

भानगड सुरू झाली ती लेझीमवाल्यांनी आम्हांला मागून गाठण्यानं. हलगी कानावर आली की आमच्या टाळकऱ्यांचे हात आपोआप जलद व्हायचे. हातांमागून पाय. सत्तरीच्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याला तर धाप लागून खाली बसवावं लागलं. लेझीम पुढे निघून गेली की आमच्यातले पाच-सहा तिच्याबरोबर वाहून गेलेले असायचे आणि तिकडची दोन दमलेली माणसं आमच्यात राहिलेली. एका रविवारी बाबा चाळीत परतले तेव्हा त्यांच्या मंडळात साताऱ्याची चार माणसं होती, आणि आमचा मृदंगवाला नव्हता.

वस्तादांची तक्रार वेगळी होती. ते आमच्या खोलीत येऊन उंबऱ्यावरच उभे राहिले. "बुवा, आमी तुमच्या मागनं आलो की लोक काय म्हणत्यात ठावं हाय? वस्ताद बुवांच्या मागनं चालतोय म्हणत्यात. आवं, आमी फुडं हाय! येक सबंध चक्कर फुडं हाय!"

"दिसताना तर मागे दिसतंत," बाबा म्हणाले.

"त्येच तर!"

मी ही हकिकत वर्गात सरांना सांगितली, केवळ गंमत म्हणून. सरांनी खडू खाली ठेवला. मग चष्मा काढला.

"एकाच बिंदूपासून निघतात?"

"हो, सर. मारुतीपासून."

"एकाच वेळी? एकसमान वेगानं?"

"भजन आहे सर, हलगी जवळ येईपर्यंत ठेका बदलत नाही."

"चौतीस वर्षं मी हे उदाहरण शिकवलं," सर म्हणाले, "पण प्रत्यक्षात असं कुणी चालतं, हे मला ठाऊक नव्हतं."

त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी आम्हां दोघींना मैदानाचा घेर मोजून आणायला सांगितला. आम्ही आईकडची सुतळी वार वार मोजून, गाठी मारून, अख्ख्या रस्त्यानं धरत गेलो. बायका गॅलरीतून विचारायला लागल्या, रस्ता विकत घेताय की काय? घेर भरला सहाशे साठ वार, म्हणजे बरोबर तीन फर्लांग. सरांना वाटलं, हा रस्ता गणितासाठीच बांधला असावा.

मग मला ते उदाहरण प्रथमच कळलं. तासाला आठ चकरा आणि पाच चकरा. म्हणजे लेझीम भजनापेक्षा तासाला तीन चकरा जास्त मारते. एक सबंध चक्कर जास्त मारली की ती भजनाला गाठणार. तीन चकरांना साठ मिनिटं, तर एका चकरेला वीस. भेट दर वीस मिनिटांनी. आणि पहिल्या वीस मिनिटांत भजन पोचलेलं असणार एक चक्कर आणि वर दोन फर्लांग, म्हणजे रेशनच्या दुकानासमोर.

"सहा वाजून वीस मिनिटांनी, रेशनच्या दुकानासमोर," मी शनिवारी पंगतीत सांगितलं.

रविवारी मैत्रिणीच्या वडिलांचं गजराचं घड्याळ घेऊन आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर बसलो. मागे आठ खाणावळवाले. सहा-वीसला लेझीम आली आणि दुकानाच्या फळ्यांसमोर तिनं भजनाला गाठलं. एका खाणावळवाल्यानं मला हात जोडले. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

पण त्याचा परिणाम विचित्र झाला. संध्याकाळपर्यंत बायका मला विचारायला येऊ लागल्या. एकीला नळावर तिची पाळी आणि पलीकडच्या बाईची पाळी एकदम का येते ते काढून हवं होतं. खालच्या मजल्यावरच्या एका बाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी करी रोडच्या बाजूला कामाला म्हणून गेला होता, तो परत आला नव्हता. ती दारातूनच म्हणाली, "आमची भेट कधी ता बघ गो." मैत्रिणीनं तिला आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाली, "काकू, ते कोणत्या दिशेनं चालतायत तेच माहीत नाही ना." ती बाई म्हणाली, "होय, ता खरा." आणि चहा पिऊन गेली.

पुढल्या आठवड्यात आमच्या खोलीत बैठक भरली. एका बाजूला भजनवाले, एका बाजूला लेझीमवाले, मधे खुर्चीवर सर. सरांनी दादरहून फळाही आणला होता, बगलेत मारून. वस्तादांनी तोडगा काढला, लेझीम उलट्या दिशेनं जाईल. म्हणजे मागून गाठायचा प्रश्नच नाही, कुणी कुणाच्या मागे दिसणार नाही.

"उलटी प्रदक्षिणा!" एक म्हातारा टाळकरी ओरडला. त्यावर अर्धा तास गेला. शेवटी असं ठरलं की मारुती मैदानाच्या मधे नसून काठाला आहे, त्यामुळे ही प्रदक्षिणा नव्हेच, हा नुसता रस्ता आहे.

मग सर उभे राहिले. "उलट दिशेनं गेलात तर भेटी कमी होणार नाहीत, वाढतील. वेगांची बेरीज होते."

"आसं कसं वाढतील, सर? तोंडं उलटी केली तर मानसं लांब जात्यात," वस्ताद म्हणाले.

"गोल रस्त्यावर लांब जाणारा माणूस जवळच येत असतो," सर म्हणाले.

हे वाक्य कुणालाच आवडलं नाही. मी धीर करून म्हणाले, "आत्ता तासात तीनदा भेटता. मग तेरादा भेटाल."

खोलीत हशा पिकला. "तेरादा! चेडू खुळावला," एक खाणावळवाला म्हणाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग वस्तादांकडे. "मतदान घेऊया," ते म्हणाले. "आपली लोकशाहीची चळवळ आसा." हात वर झाले. उलट दिशेनं गेल्यास भेटी कमी होतात, असं एकतीस विरुद्ध तीन मतांनी मंजूर झालं. विरोधात सर, मी आणि माझी मैत्रीण. सरांनी फळा परत बगलेत मारला. त्यांना इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पायऱ्या उतरताना ते एवढंच म्हणाले, "एकतीस!"

तो रविवार मी विसरणार नाही. सहाला दोन्ही फेऱ्या मारुतीपासून पाठीला पाठ लावून निघाल्या. पाच मिनिटंही झाली नाहीत तोच पिठाच्या गिरणीपाशी समोरासमोर आल्या. आता समोरून आलेल्या माणसाला टाळून जाता येतं का? वस्ताद हळवे. बैठकीतल्या वादाचा सल मनात राहू नये म्हणून त्यांनी पुढे होऊन बाबांना मिठी मारली. बाबांनीही त्यांना कवटाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळकरी आणि लेझीमवाले एकमेकांना भेटले. झालाच पाहिजे, झालाच पाहिजे, असा एकच गजर झाला आणि फेऱ्या पुढे निघाल्या.

थोड्याच वेळात त्या न्हाव्याच्या दुकानासमोर पुन्हा भेटल्या.

आता पहिल्यांदा मिठी मारली आणि दुसऱ्यांदा नाही, असं कसं चालेल? परत मिठ्या. तिसऱ्यांदा दवाखान्यापाशी. चौथ्यांदा रेशनच्या दुकानाच्या अलीकडे. पाचव्या भेटीला बाबा आणि वस्ताद एकमेकांना लांबून बघूनच खिन्न झाले. पण दोन्ही चाळींचे डोळे त्यांच्यावर होते. सातव्या भेटीला मिठीचं नुसतं खांद्याला खांदा लावणं झालं. नवव्या भेटीला एक लेझीमवाला कुजबुजला, "फुडल्या रविवारपासनं आपण गल्लीनं जाऊ." ठरलेल्या आठ आणि पाच चकरा पुऱ्या केल्याशिवाय थांबायचं नाही, असा दोघांचाही हट्ट, त्यामुळे सातला संपणारी फेरी पावणेआठला संपली. सर पायरीवर आमच्याशेजारी बसून वहीत रेघा मारत होते. तेरावी भेट मारुतीपुढेच झाली. वस्तादांनी बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं ते उचललंच नाही. "बुवा," ते म्हणाले, "पोरगी खरं बोलली."

सरांनी वही मिटली. "मिठ्यांमुळे वेळ वाढला," ते मला म्हणाले. "संख्या मात्र अबाधित राहिली." आणि ते अगदी तरुण माणसासारखे चालत दादरला गेले.

इथं हे संपलं असतं. पण त्या रविवारी रेशनच्या दुकानासमोर एक हवालदार उभा होता. भला माणूस, रत्नागिरीकडचा, निळा डगला, पिवळी टोपी. समोरून जाणारा प्रत्येक मोर्चा वहीत लिहायचा, एवढंच त्याचं काम. तोपर्यंत त्या जागी कुणी दुसराच शिपाई असायचा, तो रविवारी झोप काढायचा. हा नवीन आणि कामाला चोख. त्यानं त्या दिवशी समोरून गेलेलं सगळं लिहिलं. आठ वेळा लेझीम, पाच वेळा भजन. वही वर गेली: भोईवाड्याजवळच्या मैदानात सकाळी सहा ते पावणेआठ या वेळात तेरा मोर्चे.

पुढच्या रविवारी आम्ही उठलो तेव्हा मैदानाच्या कडेला पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या होत्या.

चाळीतली दारं-खिडक्या पटापट बंद झाल्या. गोळीबाराच्या आठवणी जुन्या नव्हत्या. आईनं दाराला कडी घातली आणि खाणावळवाल्यांना कॉटखाली जायला सांगितलं. आठ जण एका कॉटखाली मावत नाहीत, पण ते गेले. बाबांनी मृदंगावर कापड घातलं. मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले, कारण तेरा हा आकडा मी तोंडानं काढला होता आणि आता तोच आकडा गाडीत बसून आला होता.

दारावर थाप पडली. फौजदार साहेब स्वतः आले होते. "तेरा मोर्चांचे तेरा पुढारी खाली मैदानात पाहिजेत. जल्दी."

बाबा आणि वस्ताद गेले. त्यांच्यामागून, आई माझा पदर ओढत असताना, मीही गेले. मैत्रीण आधीच तिथं उभी होती. फेऱ्या बघायला म्हणून सर दादरहून पोचले होते, बगलेत फळा.

"बाकीचे अकरा कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"दोगंच हाय, साहेब," वस्ताद म्हणाले.

"हवालदार, किती होते?"

"तेरा, साहेब. डोळ्यांनी मोजले."

"साहेब, ते दोनच होते," मी म्हणाले. "पण गोल रस्ता आहे ना. तेच परत परत यायचे."

सरांनी मारुतीच्या पायरीवर फळा टेकवला, वर्तुळ काढलं आणि सुरुवात केली. साहेबांनी बराच वेळ ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे उदाहरण त्यांनाही कधीतरी भोवलं होतं.

"बस," ते शेवटी म्हणाले. "मी स्वतः बघतो. दोन शिपाई इकडे."

एक लुकडा शिपाई आणि एक जाडा. लुकड्यानं झपाझप जायचं, जाड्यानं सावकाश, उलट्या दिशांनी, पाव तास. हवालदारानं आपल्या जागी उभं राहून मोजायचं. साहेबांनी शिट्टी वाजवली आणि मुंबईच्या पोलिसांतले दोन शिपाई आमच्या मैदानाभोवती चालायला लागले.

आधी एक खिडकी उघडली. मग दहा. मग गॅलऱ्या भरल्या. पोलीस मैदानाला चकरा मारतायत, याचा अर्थ लोकांनी काय लावायचा? कुणीतरी वरून घोषणा दिली. दुसऱ्या चकरेला जाड्या शिपायाच्या मागं दहा-बारा माणसं चालायला लागली होती. तो मागे वळून "अरे, हटो," म्हणायचा, पण थांबायचा हुकूम नव्हता, म्हणून चालत राहायचा. लुकड्याच्या मागं बायका. कॉटखालचे खाणावळवाले केव्हा बाहेर आले ते कळलं नाही, ते टाळ घेऊनच आले होते. दोघे शिपाई दवाखान्यापाशी समोरासमोर आले तेव्हा गॅलऱ्यांतून ओरडा झाला, "गळाभेट! गळाभेट!" शिपायांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. दोघांनी घाईघाईत मिठी मारली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की देवळावरची कबुतरं उडाली.

शिट्टी झाली. साहेबांनी हवालदाराला विचारलं, "किती?"

"चार मोर्चे, साहेब."

"चालले किती शिपाई?"

"दोन."

"मग मोर्चे किती?"

हवालदारानं वही पुन्हा चाळली. "साहेब, मला हुकूम आहे, समोरून गेला की लिहायचा. तोच परत आला तर लिहू नको, असं कुणी सांगितलं नाही."

साहेब त्या पायरीवर, फळ्याशेजारी, मटकन बसले. हवालदाराचं चुकलं म्हणावं, तर वर गेलेली वही खोटी ठरत होती. बरोबर म्हणावं, तर आत्ताच त्यांनी स्वतः चार बेकायदा मोर्चे काढले होते आणि त्यांत पोलीस पुढे होते. "आता काय लिहू मी?" ते पुटपुटले. मला त्यांची दया आली.

तेव्हा माझी मैत्रीण बोलली. "साहेब, हवालदारकाकांना एका जागी उभं करू नका. त्यांना भजनाबरोबर चालू दे. आणि लेझीम पहिल्यासारखी त्याच दिशेनं जाऊ दे. मग त्यांच्या समोरून फक्त लेझीम जाईल, आणि तीही तासात तीनदाच."

"आणि भजन?"

"ते बरोबर चालतंय. समोरून कुठं जातंय?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर हलक्या आवाजात म्हणाले, "सापेक्ष वेग. मी हिला हे शिकवलेलं नाही."

तसंच झालं. त्यानंतरच्या वहीत तीन मोर्चे लागले. तेरावरून तीनवर! वरून साहेबांना शाबासकी आली म्हणे, मैदान फार चांगलं आटोक्यात आणल्याबद्दल. हवालदार रविवारी बाबांच्या शेजारून चालायचा. दोन महिन्यांत त्याला सगळी भजनं पाठ झाली. तिसऱ्या महिन्यात आमचा एक टाळकरी गावाला गेला तेव्हा टाळ हवालदाराच्याच हातात होते, आणि लेझीम जवळ आली की तो टाळ काखेत मारून खिशातून वही काढायचा. लेझीम येताना दिसली की भजनानं कडेला उभं राहायचं आणि वस्तादांनी जाताना रामराम करायचा, एवढ्यावर दोन्ही चाळींचं भागलं. मिठीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मार्चमध्ये परीक्षा आली. आमचा नंबर गिरगावातल्या एका शाळेत लागला होता. गणिताच्या दिवशी बाबांनी आणि मैत्रिणीच्या वडिलांनी, दोघांनीही खाडा केला. पेपर हातात आला तेव्हा मी आधी शेवटपर्यंत चाळला. गोल रस्ता कुठंच नव्हता. सबंध वर्षात मी मैदानाभोवती जेवढी फिरले होते, ते सगळं त्या पेपरात एका मार्काचंही नव्हतं. होता तो एक हौद आणि त्याला लागलेले तीन नळ. मी घाबरले नाही. बसले, आणि जमेल तेवढं केलं. दोन ओळी पलीकडे मैत्रीण बसली होती. तिची मान एकदाही वर झाली नाही.

बाहेर आलो तर समोरच्या फुटपाथवर दोघींचे वडील बसले होते. एकाच गिरणीत वीस वर्षं काढलेली माणसं, पण त्यांना मी एकमेकांशी दोन वाक्यांपलीकडे बोलताना पाहिलं नव्हतं. मधे आईनं दिलेला डबा उघडा होता. बांगड्याची तुकडी एकाच्या हातात, भाकरी दुसऱ्याच्या, आणि मागावर जास्त मेहनत की फिटरला, यावर जोरात वाद चाललेला. आम्ही येऊन उभ्या राहिलो तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"झाला पेपर," मी म्हणाले.

"थांब गो, जरा बोलतंव," बाबा म्हणाले.

वाद मिटेना. शेवटी मैत्रिणीच्या वडिलांनी डबा बंद केला आणि आम्हां सगळ्यांना एका इराण्याच्या हॉटेलात नेलं. आम्ही दोघी जन्मात पहिल्यांदाच अशा ठिकाणी पाय ठेवत होतो. चार मस्कापाव आणि चार चहा आले. बाबांना पाव चहात बुडवायचा की नुसता खायचा ते कळेना, म्हणून त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या परक्या माणसाला विचारलं. त्या माणसानं बुडवून दाखवला. बाबांनी तसाच बुडवला. पावाचा तुकडा कपात पडला आणि मैत्रिणीचे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि बाबा उठून त्यांच्या पाठीवर थापट्या मारू लागले.

निकालात तिला गणितात एक्याऐंशी मिळाले. मला अडतीस. मी पास झाले.